गिटने फाईलची एरर दिली? आधी हात मागे घ्या, मग पुढचं बघू

जुलैतली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, मी गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) कमिट, म्हणजे बदलांची नोंद, मारली आणि त्याच सेकंदाला लाईट गेली. डेस्कटॉप होता, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईट आल्यावर गिट स्टेटस टाकलं तर म्हणे ऑब्जेक्ट फाईल इज एम्प्टी, फेटल, लूज ऑब्जेक्ट इज करप्ट. नवीन होतो, घाबरलो, कुठेतरी वाचलं की डॉट गिट फोल्डर उडवा आणि परत गिट इनिट करा, तर केलं तसंच. एरर गेली. तिच्याबरोबर तीन आठवड्यांची पुश न केलेली, म्हणजे सर्व्हरवर न चढवलेली, हिस्टरी पण गेली. नंतर कळलं की अशा वेळी सहसा दोन-चार फाईलीच रिकाम्या झालेल्या असतात, बाकी सगळं जागेवर असतं, आणि ते जागेवर असलेलं मी माझ्या हाताने पुसलं होतं.

म्हणून हे लिहितोय, ज्यांनी आत्ताच गिट वापरायला घेतलंय त्यांच्यासाठी. कमांड मी मराठी अक्षरांतच लिहिल्यात, आपण बोलतो तशा, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. उदाहरणं लिनक्सवरची जास्त आहेत, विंडोज आणि मॅकचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

आधी थोडं आत काय चालतं ते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. गिट तुमच्या प्रत्येक फाईलचा मजकूर दाबून लहान करतं आणि डॉट गिटच्या आत ऑब्जेक्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. फाईलचं नाव म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षरांचा हॅश, पहिली २ अक्षरं फोल्डरचं नाव आणि उरलेली ३८ फाईलचं. म्हणजे मजकूर एका बिटाने जरी बदलला तरी नावाशी जुळत नाही आणि गिटला लगेच कळतं की इथे गडबड आहे. दुसरी गोष्ट, गिट जुन्या ऑब्जेक्टवर कधी परत लिहीत नाही. नवीन काही आलं की आधी तात्पुरत्या नावाने लिहितं, पूर्ण झालं की मग खऱ्या नावावर आणतं. त्यामुळे मध्येच काही मोडलं तर बहुतेक वेळा मोडतं ते शेवटच्या काही मिनिटांतलं, जुनी हिस्टरी सुरक्षित पडलेली असते. गिट एरर देऊन थांबतं ना, ते बऱ्याचदा बिघडलंय म्हणून नाही तर पुढे गेलो तर बिघडेल म्हणून थांबतं.

स्टेप १: कॉपी

काहीही करायच्या आधी पूर्ण प्रोजेक्टची, डॉट गिटसकट, दुसऱ्या जागी कॉपी काढा. शक्यतो दुसऱ्या डिस्कवर. सीपी -ए चालेल, आरसिंक -ए चालेल, विंडोजवर सरळ फोल्डर कॉपी-पेस्ट, फक्त लपवलेले फोल्डर दिसतायत का बघून. इथे गिट क्लोन वापरू नका, क्लोनमध्ये स्टॅश (बाजूला ठेवलेले बदल) आणि रिफ्लॉग (ब्रँच कधी कुठे होती त्याची नोंद) येत नाहीत, सुटे पडलेले तुकडेही येतीलच असं नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

आणि मूळ रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, गिट कॉन्फिग जीसी डॉट ऑटो ० करून ठेवा. गिट अधूनमधून स्वतःहून साफसफाई करतं, आपण निदान करत असताना त्याने झाडू मारू नये. गिट रिसेट --हार्ड, गिट क्लीन, गिट जीसी --प्रून=नाऊ या तीन कमांडना आत्ता हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच.

स्टेप २: मेसेज शेवटपर्यंत वाचा

आपण फेटल शब्द वाचतो आणि बाकीचं सोडून देतो, मीही करायचो. पण खरं कारण नेमकं शेवटच्या चार शब्दांत असतं. फाईल एक्झिस्ट्स, परमिशन डिनाइड, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाईस, रीड-ओन्ली फाईल सिस्टिम, इनपुट/आउटपुट एरर, हे सगळे ऑपरेटिंग सिस्टिमचे शब्द आहेत, गिट फक्त निरोप पोचवतंय. करप्ट, मिसिंग, बॅड ऑब्जेक्ट, ब्रोकन हे मात्र गिटचे स्वतःचे. पहिल्या प्रकारात रेपो सहसा ठणठणीत असतो आणि आजूबाजूचं काहीतरी नीट करायचं असतं, दुसऱ्या प्रकारात रेपोच्या आत बघावं लागतं. मेसेज कॉपी करून एका टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवून ठेवा, नंतर कुणाला विचारायचं झालं तर लागतो.

लॉक फाईल

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी एरर हीच, अनेबल टू क्रिएट इंडेक्स डॉट लॉक, फाईल एक्झिस्ट्स. इंडेक्स म्हणजे गिट ॲड केल्यावर जिथे नोंद होते ती फाईल. ती बदलायची असली की गिट शेजारी इंडेक्स डॉट लॉक बनवतं, नवीन नोंद त्यात लिहितं आणि मग तिचं नाव बदलून इंडेक्स करतं. ही फाईल आधीपासून असेल तर दुसरं गिट आत येत नाही, संडासाच्या दाराची कडी समजा. आत कुणी असेल तर थांबायचं, कुणी नसताना कडी लागून राहिली असेल तर काढायची.

पण आत कुणी आहे का हे आधी बघायचं आणि लोक नेमकं तेच विसरतात. पीएस एयूएक्स करून गिट शोधा, विंडोजवर टास्क मॅनेजर. एडिटर बॅकग्राउंडला गिट चालवत असतात, तर तो बंद करून बघा. दुसऱ्या टॅबमध्ये कमिट मेसेजचा एडिटर उघडा राहिलेला असतो तेही बघा, माझ्याकडे दहातल्या पाच वेळा तेच निघतं. खरंच कुणी नाही अशी खात्री झाली की मग ती लॉक फाईल, तेवढी एकच, काढा. चालू असलेल्या गिटच्या खालून लॉक काढली तर दोन प्रोसेस एकाच इंडेक्सवर लिहितील आणि मग खरा घोळ. हेड डॉट लॉक, कॉन्फिग डॉट लॉक, ब्रँचच्या नावाची लॉक, सगळ्यांना हाच नियम.

जागा संपली

डीएफ -एच करा, भरलेली डिस्क दिसेल. तिथे ५ जीबी मोकळे दिसतायत आणि तरी एरर येतेय असं झालं तर डीएफ -आय करा, कारण आयनोड संपलेले असू शकतात, म्हणजे जागा आहे पण नवीन फाईलची नोंद करायला वही संपली. नोड मॉड्यूल्सचे, म्हणजे जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या असंख्य छोट्या फाईलींचे, पाच-सहा फोल्डर असतील तर छोट्या डिस्कवर हे होतं.

इथे सगळ्यांना सुचतं की गिट जीसी मारू, जागा होईल. थांबा. जीसी आधी नवीन पॅक फाईल (अनेक ऑब्जेक्ट एकत्र दाबलेली फाईल) लिहितं आणि मगच जुनं काढतं, म्हणजे त्यालाच आधी जागा लागते, आणि मध्ये फसलं तर टीएमपी पॅक नावाची मोठी अर्धवट फाईल मागे राहते. जागा बाहेर करा, डाउनलोड्स, जुने बिल्ड, डॉकरच्या इमेज, काय असेल ते. मग गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही टाकून गार्बेजच्या ओळीत काय आहे ते बघा, ते असं अर्धवट सामान असतं.

आणि एक, चेकआउट किंवा पुल चालू असताना जागा संपली असेल तर तुमच्या समोरच्या फाईली अर्धवट लिहिलेल्या असू शकतात. डॉट गिटच्या आतली काळजी गिट घेतं तशी बाहेरच्या कामाच्या फाईलींची घेत नाही. म्हणून जागा झाल्यावर गिट स्टेटस आणि गिट डिफ वाचा, तुम्ही न केलेला बदल दिसला तर तेवढीच फाईल गिट रिस्टोअरने परत आणा. सगळं एकदम रिस्टोअर करू नका, तुमचं स्वतःचं न कमिट केलेलं कामही त्यात जाईल.

परमिशन, म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा सुडो

कधीतरी एकदा परमिशन डिनाइड आलं म्हणून कुणीतरी सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या हक्काने, गिट पुल केलेलं असतं. ते चालतं. पण त्या पुलमध्ये आलेले ऑब्जेक्ट रूटच्या मालकीचे होतात, आणि पुढच्या वेळी साध्या युजरने कमिट केली की इनसफिशियंट परमिशन फॉर ॲडिंग ॲन ऑब्जेक्ट टू रिपॉझिटरी डेटाबेस. मजा म्हणजे कधी येते कधी नाही, कारण हॅशची पहिली २ अक्षरं रूटच्या फोल्डरशी जुळली तरच अडतं, त्यामुळे माणूस वेडा होतो.

फाइंड डॉट गिट -युजर रूट केलं की अपराधी फाईली दिसतात. सुडो फक्त एकदाच लावायचं, मालकी परत आपल्या नावावर करायला, सीएचओन -आर आपलं युजरनेम आणि पुढे डॉट गिट. सीएच-मॉड ७७७ करू नका, ते घराची किल्ली चौकात टांगल्यासारखं आहे. सर्व्हरवर चार जण एकच रेपो वापरत असतील तर कोअर डॉट शेअर्डरिपॉझिटरीला ग्रुप अशी सेटिंग आहे, ती त्यासाठीच.

डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप हा मेसेज वेगळा. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ व्हर्जनपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधल्या रेपोत काम करायला नकार देतं, कारण तिथली कॉन्फिग फाईल कुणीतरी मुद्दाम घाण करून ठेवलेली असू शकते. पेनड्राइव्ह, डॉकर, नेटवर्क ड्राइव्ह यांवर हे हमखास येतं. फोल्डर ओळखीचा असेल तर सेफ डॉट डिरेक्टरीमध्ये तेवढाच पाथ घाला. तिथे चांदणी टाकून सगळंच सेफ करायचा सल्ला मिळतो, तो माझ्या मते आळशीपणा आहे.

डिस्कच रडतेय

रीड-ओन्ली फाईल सिस्टिम किंवा इनपुट/आउटपुट एरर आली तर गिट विसरा. लिनक्सला डिस्कवर गंभीर चूक सापडली की तो सहसा ती डिस्क फक्त वाचण्यापुरती करतो, अजून नुकसान नको म्हणून. तेव्हा जबरदस्तीने परत लिहिण्यायोग्य माउंट करणं (सिस्टिमला जोडणं) म्हणजे तापात पळायला लावणं. डी-मेसेज (टाइप करताना डीएमईएसजी) टाकून शेवटच्या ओळी बघा, आयओ एरर, एक्सटी४ (लिनक्सची फाईल सिस्टिम) एरर असं काही असेल तर आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर, गिट सोडून फोटो वगैरे पण. डिस्क फार वाईट असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू आधी सोपे भाग वाचून घेतं आणि अवघड जागी नंतर परत येतं.

इथे नावांचा एक सापळा आहे. एफएससीके आणि गिट एफएससीके वेगवेगळे आहेत. पहिलं डिस्कची फाईल सिस्टिम दुरुस्त करतं, म्हणजे लिहितं, आणि माउंट असलेल्या डिस्कवर चालवलं तर चांगलीही बिघडवू शकतं. दुसरं फक्त रेपो वाचून तपासतं, काही पुसत नाही. पहिलं कॉपी काढल्यावर आणि अनमाउंट करूनच.

खरंच करप्ट असेल तर

आता मूळ दुखणं. गिट एफएससीके टाका आणि जे येईल ते फाईलमध्ये साठवा. डँगलिंग कमिट, डँगलिंग ब्लॉब अशा पन्नास ओळी आल्या तरी चिंता नाही, ते सुटे तुकडे आहेत, रोजच्या वापरात होतातच. बघायचंय ते मिसिंग, ब्रोकन लिंक, करप्ट, एम्प्टी.

सगळ्यात सोपी वाट आधी. तुमचं जवळजवळ सगळं काम पुश झालेलं असेल तर या भानगडीत पडूच नका. शेजारी नवीन क्लोन घ्या, जुन्या फोल्डरमधल्या कामाच्या फाईली, डॉट गिट सोडून, त्याच्यावर कॉपी करा, गिट स्टेटस तुम्हाला फरक दाखवेल. तुम्ही ज्या फाईली डिलीट केल्या होत्या त्या मात्र परत उगवतील, तेवढ्या आठवून काढा.

पुश न केलेल्या कमिट असतील तर पुढे वाचा.

इंडेक्स फाईल करप्ट असं आलं तर हे सगळ्यात हलकं दुखणं. डॉट गिटमधल्या इंडेक्सचं नाव बदलून इंडेक्स-जुना करा आणि नुसतं गिट रिसेट टाका, पुढे काहीही न लावता. इंडेक्स नव्याने बनतो, फाईलींना धक्का नाही, फक्त ॲड केलेलं परत ॲड करावं लागतं.

रिकामे ऑब्जेक्ट, म्हणजे माझं लाईट गेल्याचं प्रकरण. नाव डिस्कवर गेलं पण मजकूर अजून मेमरीतच होता आणि करंट गेला, म्हणून ० बाइटची फाईल. डॉट गिट/ऑब्जेक्ट्सवर फाइंड -टाइप एफ -एम्प्टी चालवलं की यादी मिळते. त्या फाईली डिलीट न करता बाहेर एका फोल्डरमध्ये हलवा आणि परत गिट एफएससीके. आता करप्टच्या जागी मिसिंग दिसेल, आणि मिसिंग भरून काढता येतं.

कसं? मिसिंग ब्लॉब म्हणजे एखाद्या फाईलचा मजकूर. ती फाईल तुमच्यासमोर अजून तशीच असेल तर गिट हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यू आणि फाईलचं नाव द्या. जो हॅश छापला जाईल तो एफएससीकेने मागितलेला असेल तर संपलं, तुकडा जागेवर बसला. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो होतो. जुने ऑब्जेक्ट गेले असतील तर सहकाऱ्याच्या क्लोनमधून किंवा नव्या क्लोनमधून पॅक फोल्डरमधल्या फाईली, पॅक आणि आयडीएक्स दोन्ही, आपल्या पॅक फोल्डरमध्ये कॉपी करा. नुसतं गिट फेच करून भागत नाही बऱ्याचदा, कारण तुमचा रेपो सर्व्हरला सांगतो की इथपर्यंतचं माझ्याकडे आहे, आणि सर्व्हर त्याच्यावर विश्वास ठेवतो.

ब्रँच मोडली असेल, म्हणजे बॅड ऑब्जेक्ट हेड किंवा योर करंट ब्रँच अपिअर्स टू बी ब्रोकन, तर डॉट गिट/लॉग्स/रेफ्स/हेड्समध्ये त्या ब्रँचच्या नावाची फाईल उघडा. प्रत्येक ओळीत आधी जुना हॅश मग नवा. शेवटच्या ओळीतला नवा हॅश घ्या, गिट कॅट-फाईल -पी लावून उघडतो का बघा, नसेल तर एक ओळ वर, असं करत जा. उघडला की त्यातला ट्रीचा, म्हणजे त्या कमिटमधल्या फाईलींच्या यादीचा, हॅशही तसाच उघडून बघा, कमिट धड असून ट्री गेलेला असं होतं. मग डॉट गिट/रेफ्स/हेड्समधली मोडकी फाईल बाहेर हलवा आणि गिट अपडेट-रेफ रेफ्स/हेड्स/मेन आणि तो हॅश. तुम्ही एक-दोन कमिट मागे याल, पण त्या कमिटमधला मजकूर समोरच्या फाईलींत असतोच, परत कमिट करा.

आणि कधी कधी गिट म्हणतं नॉट अ गिट रिपॉझिटरी, फोल्डर तर समोर दिसतोय. तेव्हा डॉट गिटमधली हेड फाईल, म्हणजे तुम्ही कुठल्या ब्रँचवर आहात ते सांगणारी, रिकामी आहे का बघा. तिच्यात एकच ओळ असते, रेफ कोलन स्पेस रेफ्स/हेड्स/मेन, ती हाताने लिहा. माणसं इथेच हाय खातात.

सगळं झाल्यावर शेवटचं गिट एफएससीके स्वच्छ आलं की मगच जीसी डॉट ऑटोची सेटिंग काढा. कॉपी अजून महिनाभर ठेवा.

परत होऊ नये म्हणून

लिनक्सवर गिट आपोआप सुटे ऑब्जेक्ट डिस्कवर पक्के उतरले का हे बघत बसत नाही, वेगासाठी. २.३६ व्हर्जनपासून कोअर डॉट एफसिंक ही सेटिंग आहे, तिला ऑल द्या, किंचित हळू होईल पण लाईट जाणाऱ्या गावात बरं.

रेपो क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ते सॉफ्टवेअर एकेक फाईल सुटी सुटी उचलतं, ब्रँचची फाईल आधी पोचते आणि ऑब्जेक्ट नंतर, आणि दोन मशीनवर एकदम काम झालं की डॉट गिटमध्येच कॉन्फ्लिक्टेड कॉपी बनतात.

त्याच डिस्कवर गिट क्लोन करून त्याला बॅकअप म्हणू नका. जागा वाचवायला गिट तिथे हार्डलिंक करतं, म्हणजे दोन नावं पण डिस्कवरची फाईल एकच, एक बिघडली की दोन्हीकडे बिघडली. --नो-हार्डलिंक्स लावा, किंवा त्याहून बरं, गिट बंडल क्रिएट आणि शेवटी --ऑल, सगळ्या ब्रँच एका फाईलमध्ये, ती दुसरीकडे टाका आणि गिट बंडल व्हेरिफाय करा.

आणि आपोआप सिंक होणारा मिरर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची हुबेहूब प्रत, हाही बॅकअप नाही. मार्च २०१३ मध्ये केडीई या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या गिट सर्व्हरवर फाईल सिस्टिम करप्ट झाली, सुमारे १५०० रेपो, आणि मिरर सर्व्हरनी ते नुकसान इमानेइतबारे स्वतःकडे उतरवून घेतलं. वाचले ते एका सर्व्हरवरची प्रत सिंक व्हायच्या आधी हाताला लागली म्हणून. एवढ्या जाणत्या लोकांचं असं होतं.

मराठी नावाच्या फाईली

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम. फाईलचं नाव देवनागरीत असेल तर गिट स्टेटसमध्ये उलट्या तिरक्या रेघा आणि ३४० २४४ असे आकडे दिसतात. करप्ट नाही ते, कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, नाव नीट दिसेल.

लिनक्सच्या एक्सटी४ वर नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, आणि देवनागरीचा प्रत्येक अक्षरकोड ३ बाइट खातो, काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजून. ग्रामपंचायत एवढ्या शब्दाला ३३ बाइट गेले. म्हणजे जेमतेम ८५ कोड. विंडोजवर हा हिशोब बाइटचा नसतो, तिथे लांबलचक मराठी नाव सुखाने चालतं आणि लिनक्सवर चेकआउट करताना फाईल नेम टू लाँग येतं.

आणि आपला ऱ्या. दुसऱ्या हा शब्द दिसायला एकच, पण कुणाच्या कीबोर्डने थेट ऱ टाकलेला असतो, कुठे र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा सुटा होऊन येतो, कुणाच्या फाईलमध्ये र, हलंत आणि न दिसणारा जोडणारा कोड असतो. लिनक्सला या तीन वेगळ्या फाईली. मॅकला पहिल्या दोन एकच, मग क्लोन करताना पाथ्स हॅव कोलायडेड अशी वॉर्निंग येते आणि दोनपैकी एकच फाईल हाती लागते. तेव्हा मॅकवर काही डिलीट करू नका, लिनक्स मशीनवर क्लोन घ्या, दोन्ही फाईली उघडून मजकूर बघा, एकीला गिट एमव्हीने साधं इंग्रजी नाव द्या, कमिट करा, पुश करा, आणि मग मॅकवर पुल करा.